पितृपक्षातली तारीख

आमच्या इथल्या पालिकेच्या नाट्यगृहात यंदा सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळचा दर दिवाळी पहाटेच्याही वर गेला आहे. याला मी जबाबदार आहे असं आमच्या सोसायटीत बोललं जातं आणि मी ते नाकारत नाही. नाट्यगृह नक्की कोणत्या पालिकेचं ते मात्र सांगणार नाही. ठाण्यापासून शहाडपर्यंत पालिका काही कमी नाहीत, आणि प्रत्येकीला हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं तर मला आनंदच होईल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो, वर्ग गेला, पण विषय काही गेला नाही. पालिकेने पाणी सोडावं, कचरा उचलावा, दिवे लावावेत आणि उरलेल्या वेळात गप्प बसावं, हे माझं मत. तिने महोत्सव का भरवायचे? चौकाचौकात हृदयाच्या आकाराचे सेल्फी पॉइंट का उभारायचे? अशी पत्रं मी वर्तमानपत्रांना पाठवतो. ते ती अर्धी कापून छापतात. कापलेला अर्धा भाग मी बायकोला वाचून दाखवतो, म्हणजे तोही वाया जात नाही.

पण खरं सांगायचं तर बाजार मला कॉलेजने शिकवला नाही, आईने शिकवला. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर भाजी घेताना ती भाव पाडून मागायची, नाही म्हटलं की पिशवी उचलून चालायला लागायची, आणि मागून हाक यायचीच. एकदा तर तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "गुडघा एकच दुखतोय, मग फी पूर्ण कशी?" डॉक्टरांनी दुसरा गुडघाही तपासून दिला. आई खूश होऊन घरी आली.

आता बायकोकडे वळतो, कारण गोष्ट तिची आहे. ती बँकेत होती. तिचा बायकांचा नाटकाचा ग्रुप आहे, गेली कित्येक वर्षं. गणपतीच्या मांडवात, सोसायटीच्या गच्चीवर, कुणाच्या तरी साठीशांतीच्या हॉलमध्ये त्यांनी नाटकं केली. पडदा म्हणून आमच्या हॉलमधले पडदे जायचे आणि परत येताना त्यांना पिना लागलेल्या असायच्या. आई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची. एखादीचा आवाज बसला की नाटक चालू असताना मोठ्याने ओरडायची, "मोठ्याने बोला गं, मागच्यांनी काय पाप केलंय?" बायका दचकायच्या आणि खरंच मोठ्याने बोलायच्या. आई सुनेला नेहमी सांगायची, "एकदा खऱ्या थेटरात पडदा वर जाऊ दे तुझा. मी पहिल्या रांगेत येऊन बसते की नाही बघ."

ते व्हायच्या आत आई गेली. अमावास्येला गेली, म्हणून तिचं श्राद्ध सर्वपित्रीला असतं.

त्यानंतर बायकोने हट्टच धरला की आता नाटक करायचं ते खऱ्या नाट्यगृहातच. नाटक तिनेच लिहिलं, दिग्दर्शनही तिचंच. मुख्य भूमिकेत आमच्या शेजारच्या बंगल्यातली बाई. आमची इमारत जिथे उभी आहे ते तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं, त्यामुळे आमच्या पार्किंगमध्ये ती अजून घरच्यासारखी फिरते. आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाने वळून बघावं, आणि रडायला लागली की समोरचा रडलाच. पण तिची लेक कॅनडात, तिचं बाळंतपण आलेलं. दसऱ्यानंतर ती सहा-सात महिन्यांसाठी जाणार होती. म्हणजे नाटक व्हायचं तर त्याआधी. पुढच्या वर्षावर ढकलून चालणार नव्हतं, कारण ग्रुपमधल्या सगळ्यांच्याच गुडघ्यांचं वय झालेलं होतं.

हौशी मंडळांना पालिकेचं नाट्यगृह सवलतीत मिळायचं. त्यासाठी नाव नोंदवून थांबायचं. बायकोचा ग्रुप थांबत थांबत बराच वर सरकला होता. ती ऑगस्टकडे डोळे लावून बसली होती.

नेमकी त्याच सुमारास पालिकेने अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून सूचना मागवण्याची सभा ठेवली. मी गेलो. अशा सभेला मी जात नाही असं कधी होत नाही. लोक गटार, डास आणि कुत्रे यांवर बोलले. मी नाट्यगृहावर बोललो. म्हणालो, भाडं मुद्दाम कमी ठेवलं की रांग लागते, रांग लागली की वशिला लागतो. जो खरंच नाटक करणार तो बाहेर राहतो आणि ज्याला तारीख नकोच आहे तो ती अडवून ठेवतो. नाट्यगृह तोट्यात जातं, तो तोटा नाटक न बघणारे लोक करातून भरतात. तेव्हा सवलत, यादी सगळं बंद करा, तारखांचा लिलाव करा आणि एकदा घेतलेली तारीख बदलून देऊ नका. ज्याला तारखेची खरी किंमत आहे, त्याला ती मिळेल.

टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मी घरी येताना अर्धा किलो पेढे आणले.

महिनाभरात पत्र आलं की "एका जागरूक नागरिकाच्या सूचनेवरून" प्रतीक्षायादी रद्द करून प्रायोगिक तत्त्वावर तारखांचा लिलाव होईल. पत्र बायकोच्या नावाने आलं होतं, यादीतल्या सगळ्या मंडळांना पाठवलेलं. तिने ते दोनदा वाचलं. मग शांतपणे विचारलं, "पेढे यासाठी होते का?"

मी म्हटलं, "अगं, तत्त्व म्हणून बघ."

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला नाही. मी स्वयंपाकघरात डोकावलो. ती निवांत आपला कप घेऊन बसली होती.

"चहा?"

"अनुदान बंद केलंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं तोट्यात चालला होता. आता ज्याला चहाची खरी किंमत आहे, त्याला मिळेल. बोला."

मी आधी हसलो. मग भांडी लावली. दुसऱ्या कपासाठी लसूण सोलावा लागला. आठवड्याभरात पोह्यांसाठी मी नारळ खवत होतो आणि आंबोळीसाठी माळ्यावरची पाण्याची टाकी धुतली. बरं, तक्रार कुठे करणार? मक्तेदारी होती. मी एकदा कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन स्पर्धा निर्माण करायचा प्रयत्न केला, तर दुपारचं जेवणही लिलावात निघालं.

तिकडे नाट्यगृहाच्या तारखांवर उड्या पडल्या. रविवार कोचिंग क्लासवाल्यांनी गुणवंतांच्या सत्कारासाठी उचलले. शनिवार डान्स क्लासच्या गॅदरिंगला गेले. गणपतीआधीची एक चांगली संध्याकाळ एका होऊ घातलेल्या नगरसेवकाने स्वतःच्या वाढदिवसाला घेतली. बायकोचा ग्रुप प्रत्येक वेळी बोली लावायचा आणि प्रत्येक वेळी मागे पडायचा. माझं म्हणणं खरं ठरत होतं. ज्यांना किंमत होती त्यांना तारीख मिळत होती. फक्त मला हे घरी बोलून दाखवता येत नव्हतं.

एक दिवस ती बोली हरून आली आणि चपला काढून नुसतीच सोफ्यावर बसली. टोमणा नाही, काही नाही. म्हणाली, "जाऊ दे. गच्चीवरच करू आपण. गच्ची काय वाईट आहे?" तिने मला न मागता चहा करून दिला. तेव्हा मला खरी भीती वाटली. तो चहा मला गेला नाही.

मी नाट्यगृहावर गेलो. तिथे व्यवस्थापकांच्या केबिनबाहेर फळ्यावर तारखा आणि त्यांचे चालू दर लिहिलेले असतात. व्यवस्थापक सज्जन माणूस, मला बघून उठून उभा राहिला, कारण जागरूक नागरिक म्हणजे मी हे त्याला ठाऊक होतं. मी फळा वाचत गेलो. सप्टेंबरपर्यंत आलो आणि थबकलो. सलग पंधरा दिवस कोरे. एकही बोली नाही.

"हे काय? दुरुस्ती आहे का?"

"नाही सर," व्यवस्थापक म्हणाला. "पितृपक्ष. त्यात कोण शुभारंभ करणार? सत्कार नाही, वाढदिवस नाही, काहीच नाही. आमचे लोक एसीची जळमटं काढून घेतात."

माझ्या डोक्यात दिवा पेटला. माल तोच, खुर्च्या त्याच, पडदा तोच, आणि मागणी शून्य! आई असती तर म्हणाली असती, संध्याकाळी उरलेल्या भाजीला जायचं असतं रे. मी किमान बोली लावली. व्यवस्थापक म्हणाला, हवी ती तारीख घ्या. मी सगळ्यात शेवटची घेतली, म्हणजे तालमीला जास्त दिवस मिळतील. पावती घेऊन घरी आलो आणि बायकोच्या हातात दिली.

तिने तारीख बघितली. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, ही सर्वपित्री आहे. आईंचं श्राद्ध आहे त्या दिवशी."

पंधरा कोऱ्या तारखांमधून मी स्वतःच्या आईच्या श्राद्धाचा दिवस निवडला होता. आणि लिलावात घेतलेली तारीख बदलून मिळत नाही, हा नियमही माझ्याच भाषणातला.

संध्याकाळी ग्रुप आमच्या हॉलमध्ये जमला आणि गदारोळ झाला. पितृपक्षात साडी घेत नाहीत, तिथे नाटकाचा पहिला प्रयोग? नारळ फोडायचा की नाही? एकीच्या सासूने तर ऐकूनच कानावर हात ठेवले होते. बायको पावती हातात उलटसुलट करत होती. मी दारात उभा, हातात सगळ्यांच्या चहाचा ट्रे.

शेवटी शेजारची मुख्य बाई बोलली. "तुमी सगल्या पितरांना एवढ्या काय घाबरता गो? ती काय वैरी हायेत? आपलीच मान्सा. वर्साची पंधरा दिस येतान, त्यांनी नुसता जेवाचा आन् जावाचा? एक नाटक बगला तर काय बिगारला?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमची आय तर पयल्या रांगेत बसंल."

कुणी हसलं, कुणी डोळे पुसले, आणि तारीख पक्की झाली.

मुलगा घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. तिकीटविक्री त्याने मोबाइलवर घेतली आणि अशी रचना केली की खुर्च्या भरत जातील तसा दर चढत जाईल. माझ्याच रक्ताचा. मी बायकोला म्हटलं, "माझा पास?"

"फुकट पास कुणालाच नाहीत," ती म्हणाली. "तत्त्व म्हणून बघा."

मी विचार केला, पितृपक्षात येणार कोण? शेवटच्या दिवशी तिकिटं पडून असतील, तेव्हा स्वस्तात घेऊ. आईचा हिशेब. पण पितृपक्षात लोक काय करतात याचा विचार मी केला नव्हता. लग्न नाही, वास्तुशांत नाही, खरेदी नाही, बारसं नाही. अख्खं शहर पंधरा दिवस संध्याकाळी मोकळं बसलेलं असतं. खुर्च्या भरत गेल्या, दर चढत गेला, आणि मी आपला उतरायची वाट बघत राहिलो.

सर्वपित्रीचा दिवस उजाडला. बायकोने पहाटेपासून खीर, भाजणीचे वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. मधूनच ती वडा तळता तळता नाटकातली वाक्यं पुटपुटत होती. पान वाढून आम्ही गच्चीवर नेलं. कावळा शिवल्याशिवाय आम्ही जेवत नाही. आणि बारा वाजता नेपथ्याचा टेम्पो येणार होता.

कावळा येईना. आला तर कठड्यावर बसून मान तिरकी करून बघायचा आणि समोरच्या इमारतीवर जायचा. त्या गच्चीवर चार पानं होती, पलीकडे सहा. मी बायकोला म्हटलं, "आज पुरवठा फार आहे. कावळे तेवढेच आणि पानं शंभर. आज कावळ्यांचा बाजार आहे, ते भाव करणारच."

"अहो, गप्प बसा."

खाली टेम्पोने हॉर्न दिला. समोरच्या गच्चीवरच्या माणसाने आपल्या पितरांना गंगा-गोदावरीची शपथ घातली, मग मीही घातली. मी नातवाला संस्कृत शिकवायचं कबूल केलं. घोडबंदरचा फ्लॅट विकून मुलाला जवळ राहायला बोलवीन म्हटलं. कावळा ढिम्म. टेम्पोने पुन्हा हॉर्न दिला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पदराने हात पुसत पुढे झाली आणि नेहमीच्या आवाजात, जणू आई आत पलंगावर पडली आहे अशा आवाजात म्हणाली, "आई, पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुमच्यासाठी ठेवलीय. कुणाला बसू देणार नाही. पण आता जेवा, मला उशीर होतोय."

कावळा उडून आला, वडा उचलला आणि गेला. मी अर्थशास्त्राचा माणूस आहे, योगायोग मला कळतात. पण त्या दिवशी मी हात जोडले.

जिन्यावरून उतरताना ती म्हणाली, "त्या खुर्चीचं तिकीट काढा."

"मी?"

"आई तुमची आहे. आणि फुकट काही नसतं."

मोबाइल उघडला तेव्हा त्या खुर्चीचा दर वाचून मला घाम फुटला. ती घेतली. माझ्यासाठी बाल्कनीतली शेवटची रांग उरली होती, तीही काही स्वस्त नव्हती.

संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. माणसं दुपारचं श्राद्धाचं जेवून, झोप काढून, तृप्त होऊन आलेली. मुलगा ऑफिसातून येताना घोडबंदर रोडच्या फाउंटन हॉटेलपुढे ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि दर पाच मिनिटांनी "निघालोच" असा मेसेज पाठवत होता. मी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर चाफ्याचं फूल ठेवलं आणि पहारा देत उभा राहिलो. तीन जणांनी विचारलं, तिघांना सांगितलं, माणूस येणार आहे.

दुसरी घंटा झाली आणि मुख्य बाईचा नवरा आला. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, बरोबर चार माणसं. या पठ्ठ्याला आयुष्यात तिकीट काढायची सवय नाही, तो जिथे जातो तिथे पहिल्या रांगेत बसतो. आज त्याची बायको मंचावर आणि याला खुर्ची नाही.

"मास्तर, ही रिकामी हाय."

"नाही, घेतलेली आहे."

"कोन येनार?"

मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. त्याने खिशात हात घातला. "बोला. तुमचा लागला त्याच्या दुप्पट." मी मान हलवली. "तिप्पट." आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "मास्तर, तुमीच सबेत बोल्लात ना, ज्याला खरी किंमत त्याला मिलल? मी व्हतो तिथं. बोला, आकडा तुमीच बोला." त्याने विकलेल्या जमिनीवर मी राहतो, आकड्यांना तो घाबरत नव्हता.

समोर ग्राहक होता, माल होता, भाव माझ्या हातात होता, आणि माझ्याच तोंडचं वाक्य माझ्या अंगावर आलं होतं. मी म्हटलं, "आईची आहे हो. माझ्या आईची."

त्याला आधी कळेना. मग त्याने फुलाकडे बघितलं. हात खिशातून बाहेर काढला, चपला काढल्या, खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि तिच्या पायाशी, रांग आणि मंचाच्या मधल्या वाटेवर, पांढऱ्या कपड्यांनिशी खाली मांडी घालून बसला. त्याची चार माणसंही बसली. "मी हाय हिथं," तो मला म्हणाला. "कोनी नाय बसनार. तुमी जावा वर."

मी धापा टाकत बाल्कनीत पोचलो तेव्हा अंधार झाला आणि पडदा वर गेला. आमच्या हॉलमधला पिना लावलेला नाही, खरा. मुख्य बाई एकटीच मधोमध उभी होती. एवढं मोठं अंधारं सभागृह तिने समोर कधी बघितलेलं नव्हतं. ती बोलायला लागली आणि आवाज फुटेना. ओठ हलताना दिसत होते. खाडीपलीकडे जाणारा आवाज पाचव्या रांगेपर्यंतही जात नव्हता. लोक कुजबुजायला लागले. विंगेत बायकोची साडी दिसत होती, तिचा हात तोंडावर होता.

मी उभा राहिलो आणि शेवटच्या रांगेतून ओरडलो, "मोठ्याने बोला गं, मागच्यांनी काय पाप केलंय?"

अख्खं सभागृह हसलं. कुणीतरी मला खाली बसा म्हणून दटावलं. मुख्य बाई दचकली. पण तिने वर बाल्कनीकडे बघितलं नाही. तिने पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, तिच्याकडे बघून मान डोलावली, पदर खोचला आणि पहिलं वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

मला शेवटच्या रांगेत त्यातला प्रत्येक शब्द ऐकू आला.